घरदुरुस्ती कर्ज: कोकणातल्या कौलारू घराला कितपत चालतं?

'होम इम्प्रूव्हमेंट लोन', 'रिनोव्हेशन लोन' किंवा साध्या भाषेत घरदुरुस्ती कर्ज. सरकारी बँका, खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि बऱ्याच सहकारी बँकाही ते देतात. घर गहाण ठेवून मिळणारं कर्ज असल्याने व्याजदर गृहकर्जाच्या जवळपास असतो आणि मुदत लांब मिळते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटला ते बेतून शिवल्यासारखं बसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीत, चिरेबंदी भिंती आणि मंगलोरी कौलांच्या घराला तेच लावलं की दोन ठिकाणी उसवतं: मालकीच्या कागदांत आणि पावसाच्या तारखांत. व्याजाबद्दल फारशी तक्रार करण्यासारखं काही नाही.

या कर्जात काय बसतं ते आधी. छप्पर, फरशी, गिलावा, नळजोडणी, वायरिंग, रंग, वॉटरप्रूफिंग, न्हाणीघर-संडास, भिंतीत पक्का बसवलेला ओटा, खिडक्या-दारं. घराला कायमची जोडलेली कामं चालतात. पलंग, फ्रिज, सोफा चालत नाहीत. पडवी बंद करून नवी खोली काढायची असेल, तर बँकेच्या लेखी ते वाढीव बांधकाम. त्याला परवानगी वेगळी लागते आणि कर्जाचा प्रकारही बहुतेक वेळा वेगळा असतो. 'दुरुस्ती' म्हणून अर्ज करायचा आणि आराखड्यात खोली वाढवायची, हे बँकेचा इंजिनिअर जोत्याचं माप घेतो त्या दिवशी उघडं पडतं.

आता कागद. कोकणातले बहुतेक अर्ज उत्पन्नाच्या मुद्द्यावर पोचण्याआधी इथेच आडवे होतात.

घराची घरपट्टी भरतोय, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आपल्या नावावर आहे, म्हणजे घर आपलं, असं घरात सगळे धरून चालतात. बँकेचा वकील तसं धरत नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. वकील सातबारा मागतो. तिथे आजोबा, त्यांचे तीन भाऊ, त्यातल्या दोघांचे वारस आणि एखादी लग्न होऊन गेलेली आत्या अशी सामाईक नावं असतात. ज्याची जमीन त्याची सही, हा गहाणाचा नियम. एका हिस्सेदाराच्या अर्जावर अख्खं घर गहाण घेता येत नाही.

यातून निघायच्या वाटा मोजक्याच. मयतांची नावं अजून उताऱ्यावर असतील तर आधी वारस नोंद. फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, त्यामुळे महिनाभर तरी हाताशी ठेवावा. मग बाकीच्या हिस्सेदारांकडून हक्कसोडपत्र, किंवा सगळ्यांच्या संमतीने महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेला कागद घरातल्या पेटीत ठेवायला ठीक. बँकेत तो चालत नाही. या वाटा नको असतील तर सगळ्या हिस्सेदारांना सहकर्जदार किंवा जामीनदार करून घ्यायची काही बँकांची तयारी असते. पण ठाण्यातला चुलतभाऊ स्वतःच्या फ्लॅटच्या हप्त्यांत अडकलेला असेल, तर हे नवं कर्ज त्याच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीवर, दिसणार, हे त्याला सही करण्याआधी सांगावं. नंतर कळलं की भाऊबंदकीला नवीन विषय मिळतो.

सह्यांसाठी सगळे एका ठिकाणी सापडायची वर्षातली खात्रीची वेळ म्हणजे गणपती. चतुर्थीला कार्यालय बंद असलं तरी मागचे-पुढचे कामाचे दिवस असतात. मसुदा श्रावणातच तयार ठेवला आणि निबंधक कार्यालयाची वेळ घेऊन ठेवली, तर सहा महिन्यांचा पत्रव्यवहार एका दिवसात उरकतो. ज्याला येणं शक्य नाही त्याचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र आधी मागवून घ्यावं.

गावठाणातलं घर असेल तर काम सोपं होत चाललंय. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. ते पत्रक असेल तर बँकेचा वकील निम्मे प्रश्न विचारतच नाही. मात्र कोकणात घरं गावठाणात दाटीने कमी आणि वाडीवाडीने आपापल्या बागेत जास्त. बागेतलं घर शेतजमिनीवर उभं असतं. तिथे बिनशेतीचा प्रश्न येतो, आणि सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं की वकील पेन खाली ठेवतो. किनाऱ्यालगत भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामावरचे निर्बंध, लागू होतो. जुन्या अधिकृत घराची जोतं आणि चटईक्षेत्र न वाढवता दुरुस्ती तिथेही करता येते, फक्त घर अधिकृत असल्याचा जुना कागद हाताशी हवा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या टाकून देऊ नयेत, त्या इथे उपयोगी पडतात.

कागद जमले असं धरू. पुढची अडचण पैसे हातात पडण्याच्या पद्धतीची.

हे कर्ज एकरकमी येत नाही. अंदाजपत्रकाच्या काही टक्के रक्कम आपण घालायची, तीही आधी. समजा अंदाजपत्रक ६ लाखांचं आणि बँक ८० टक्के देणार: आपले १ लाख २० हजार आधी खर्च झालेले दिसले पाहिजेत, मग ४ लाख ८० हजार दोन-तीन टप्प्यांत. प्रत्येक टप्प्याआधी बँकेचा माणूस काम बघून अहवाल देतो. शहरात ही पद्धत खपून जाते. फ्लॅटची फरशी उखडलेली असताना पुढचा टप्पा पंधरा दिवस लांबला तर गैरसोय होते, एवढंच. इथे दुरुस्तीची सुरुवातच छपरापासून होते. कौलं उतरवून ठेवलीत, वासे उघडे आहेत, आणि दुसरा टप्पा मेच्या तिसऱ्या आठवड्यात 'प्रोसेसमध्ये' आहे, हे कोणालाही परवडणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि वरही पाऊस पडणारा हा पट्टा. शिवाय वळीव मृगाची वाट बघत नाही. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच किनाऱ्याने वर सरकलं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. म्हणजे 'सात जूनपर्यंत वेळ आहे' हा हिशेबही आता सैल झालाय.

म्हणून एक नियम सोडू नये: छप्पर दुसऱ्या टप्प्याच्या पैशावर अवलंबून ठेवायचं नाही. आपला हिस्सा आणि पहिला टप्पा मिळून छपराचा सगळा माल, लाकूड किंवा लोखंड आणि मजुरीसकट, निघाला पाहिजे. सगळा माल खळ्यात येऊन पडेपर्यंत एकही कौल हलवू नये. फरशी, न्हाणीघर, वायरिंग, आतला रंग ही कामं पुढच्या टप्प्यांवर सोडली तरी चालतात. ती छपराखाली होतात.

वेळापत्रक उलटं मोजावं. छप्पर एप्रिलअखेर झाकलेलं हवं. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा स्थानिक गवंडी-सुतार आठ-दहा दिवस मिळत नाहीत, आणि मेमध्ये चाकरमानी आले की प्रत्येकाला आपलंच काम आधी हवं असतं. त्यामुळे कौलं उतरवण्याचा मुहूर्त माघात, फार तर फाल्गुनाच्या सुरुवातीला. पहिला टप्पा जानेवारीत हवा, म्हणजे अर्ज पूर्ण कागदांसह दिवाळीच्या मागेपुढे गेला पाहिजे. गणपतीतल्या सह्यांचं महत्त्व इथे कळतं.

अंदाजपत्रक

बँकेला इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं: कामाचं वर्णन, एकक, परिमाण, दर, रक्कम. तालुक्याच्या ठिकाणी ते एका दिवसात छापून मिळतं, आणि घोळ तिथेच होतो. सर्वात नेहमीची चूक छपराच्या मापाची. घर ३० बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट, म्हणून छप्पर १२ ब्रास, असं लिहिलेलं असतं. वळचण चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढली की माप होतं ३४ बाय ४४, म्हणजे १,४९६ चौरस फूट. छपराचा उतार ३० अंशांचा असेल तर सपाट मापाला १.१५५ ने गुणायचं: १,७२८ चौरस फूट, सव्वासतरा ब्रास. बारा आणि सव्वासतरा यांत जो फरक पडतो तो पुढे आपल्या खिशातून जातो. बँक मंजूर रकमेच्या वर सहजासहजी सरकत नाही.

मंगलोरी कौलं ब्रासला साधारण दीडशे धरतात. सव्वासतरा ब्रासला २,६०० च्या घरात, फुटतुटीचे पाच टक्के धरून २,७००, आढ्यावरची कौलं वेगळी. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे साडेसहा टनांहून जास्त माल. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर हा सगळा माल डोक्यावरून जाणार. 'वाहतूक' म्हणून अंदाजपत्रकात टेम्पोचं भाडं असतं; पाखाडीची हमाली कोणी लिहीत नाही. ती वेगळी ओळ म्हणून घालायला लावावी. जुनी कौलं चांगली असतील तर त्यातली किती परत वापरता येतील ते एक ब्रासभर उतरवून मोजावं आणि नव्या खरेदीतून वजा करावं. टिचकी मारली की खणखणीत वाजणारं कौल ठेवायचं, बद्द वाजणारं टाकायचं.

पत्रा घालणार असाल तर रुंदी विचारा. पन्हळी-चौकोनी रंगीत पत्र्याची एकूण रुंदी साधारण १,०७० मिमी आणि झाकणारी रुंदी १,००० मिमी असते. दर एकूण रुंदीवर लावला असेल तर शंभर चौरस फुटांचे पैसे देऊन त्र्याण्णव झाकले जातात. वर-खाली जोड आला तर त्याचं आणखी जातं. जाडी विचारताना 'रंगासकट की मूळ पत्र्याची' हे स्पष्ट करून घ्यावं, ०.५० चा म्हणून दाखवलेला पत्रा बऱ्याचदा रंग आणि लेप धरून ०.५० असतो. खारा वारा आधी पत्रा खात नाही, स्क्रू खातो. स्क्रूच्या डोक्याखालचा रबरी वायसर हलका असेल तर दोन पावसाळ्यांत तिथून थेंब सुरू होतात. पूर्ण छपराच्या खर्चात चांगल्या स्क्रूंचा फरक किरकोळ, पण कंत्राटदार काटकसर करतो ती नेमकी इथे.

लाकडाचा अंदाज कौलं उतरवल्याशिवाय कोणालाच नीट येत नाही. सळई टोचून बघितली तर भिंतीत शिरलेली वाशांची टोकं आणि भिंतीवरची लाकडी पट्टी किती पोकळ झालीय ते थोडंफार कळतं. वाळवी तिथूनच चढते. लाकडाच्या ओळीवर २० ते २५ टक्के आणि बाकी कामांवर १० टक्के जास्तीचे हाताशी ठेवावेत. बँकेच्या अंदाजपत्रकात 'अनपेक्षित खर्च' फारसा टिकत नाही, त्यामुळे हे पैसे कर्जाबाहेरचे, मुदत ठेवीतले असावेत.

रेतीबद्दल थोडं. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी न धुता लोखंडाच्या कामात वापरू नये. मिठाने सळई गंजते आणि गिलाव्यावर पांढरा फेस फुटतो. क्रश सँडचा (दगड भरडून केलेल्या वाळूचा) दर धरूनच अंदाजपत्रक करावं; रेती मिळाली तर पैसे उरतील. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं अंदाजपत्रक नव्या तारखेने छापून दिलेलं नाही ना, हे दर बघून ताडावं.

व्याज आणि वरचा खर्च

दर कमी असला म्हणजे कर्ज स्वस्त पडतंच असं नाही, मुदतही बघावी लागते. ५ लाख ९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ६,३३४ रुपये आणि एकूण व्याज २ लाख ६० हजार. तेच ५ वर्षांत फेडले तर हप्ता १०,३७९ आणि व्याज १ लाख २३ हजार. आणि १२ टक्क्यांनी, पण ३ वर्षांत फेडले, तर हप्ता १६,६०७ बसतो, व्याज मात्र ९८ हजारांतच आटोपतं. (दर उदाहरणादाखल आहेत, गणित खरं आहे.)

आंबा-काजूवाल्यांना यातून चांगली वाट निघते. बदलत्या दराचं कर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही. तेव्हा मुदत लांब घेऊन हप्ता हलका ठेवावा आणि जूनमध्ये पेटीचा हिशेब झाला की एकरकमी भरणा करावा. भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लेखी द्यावं, नाहीतर शाखा हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवू शकते. स्थिर दराच्या कर्जाला ही सूट सरसकट नाही, करारातलं कलम वाचावं.

वरचे खर्च छोट्या कर्जाला जड जातात. वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क, मुद्रांक, गहाणाची नोटीस नोंदवणं. समजा हे सगळं १५ हजारांत गेलं: १० लाखांच्या कर्जावर ते दीड टक्का, ३ लाखांवर ५ टक्के. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जाआधी मुख्य तथ्यांचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक टक्केवारीचा आकडा हे शुल्क धरून काढलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दरावर न करता त्या आकड्यावर करावी. कर्जासोबत जीवनविम्याचा एकरकमी हप्ता जोडून दिला जातो, तो सक्तीचा नाही. घराचा विमा मात्र घ्यावाच. १ एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ, पूर आणि दरड येते. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवायची, जमिनीची किंमत त्यात धरायची नाही.

आयकराची सवलत फार मनावर घेऊ नये. राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावर जुन्या कररचनेत व्याजाची वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट. मुद्दलावर काही नाही, नव्या रचनेत राहत्या घराला तीही नाही.

कंत्राटदाराला पैसे देताना

सगळं काम उक्तं देण्यापेक्षा माल आपला आणि मजुरी त्यांची, ही पद्धत या कर्जाला जास्त जुळते. मालाची जीएसटी बिलं थेट दुकानातून मिळतात आणि पुढच्या टप्प्यासाठी बँकेला तीच लागतात. गवंड्याकडे बिलबुक नसतं, त्याच्या मजुरीसाठी मोजवही आणि बँकेतून दिलेले पैसे हाच पुरावा. बयाणा दहा टक्क्यांच्या वर देऊ नये. पुढचे पैसे दिवसांवर न देता मापावर द्यावेत: इतके ब्रास रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) मारल्या, इतके ब्रास कौलं चढली. शेवटचे ५ ते १० टक्के पहिला पावसाळा जाऊन नवरात्रात द्यायचे, हे सुरुवातीलाच कागदावर लिहावं. गळती जुलैच्या झोडपणाऱ्या वाऱ्यात कळते, कडक उन्हात सगळीच छपरं चांगली असतात.

रोखीची मर्यादा दोन जागी आड येते. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो. आणि मुंबईच्या भावाने घरासाठी उसने दिलेले पैसे २० हजार किंवा त्याहून जास्त असतील तर ते बँकेतूनच यायला हवेत.

कोणी घेऊ नये

नुसती कौलं बदलायची असतील, खर्च अडीच-तीन लाखांत असेल आणि सातबाऱ्यावर पंधरा नावं असतील, तर या कर्जाच्या नादी लागू नये. सोनेतारण जास्त दराचं असलं तरी त्याच दिवशी हातात पडतं आणि घराचा कागद मागत नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, ५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे. फक्त वर्षाअखेर मुद्दल-व्याज एकदम भरायचा प्रकार आंब्याचा हंगाम नक्की असेल तरच घ्यावा. पतसंस्था जामिनावर पटकन देते, दर बघून घ्यावा. आणि दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे तिथे ठेवताना, बँकेतल्या ठेवींना असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेला नाही, हे ध्यानात असू द्यावं.

मालमत्ता पत्रक किंवा सातबारा एकट्याच्या नावावर, काम छपरासकट पाच लाखांच्या पुढचं आणि हातात एक हंगाम मोकळा असेल, तर याच्याइतकं स्वस्त दुसरं काही मिळत नाही.

फेडून झाल्यावरचं एक काम बरेच जण विसरतात. मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बसलेला बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचं पत्र) घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज स्वतः द्यावा लागतो, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तो रकाना कोरा झालाय का ते बघावं लागतं.